पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यावर नवरा-बायकोचे संबंध परत सुरू करता येतात का?

हो ताई, येतात. ३ महिने झालेत, मिस्टर काठी घेऊन चालतात पण जवळ येताना दोघांनाही परत झटका यायची धास्ती वाटते असं तुम्ही लिहिलंय, ही धास्ती खूप जणांना असते. बीपी कंट्रोलमध्ये असेल, तब्येत स्थिर असेल तर संबंधांमुळे झटका यायची शक्यता फार कमी असते, तरी डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका.

ताठरता येत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तसं होतं, डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. पण स्वतःहून गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि मेडिकलमधून परस्पर व्हायग्रा तर अजिबात नाही, छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालू असेल तर बीपी एकदम धोकादायक खाली जातं.

लुळ्या बाजूला स्पर्श बऱ्याचदा नीट कळत नाही, म्हणून तुम्ही त्यांच्या चांगल्या बाजूला झोपा, लुळ्या हाताखाली उशी द्या, खांदा ओढला जाऊ देऊ नका. रात्री थकवा असतो, सकाळी बघा. आणि सुरुवातीला नुसतं कुशीत पडून राहिलात तरी चालेल, तेही जवळ येणंच आहे हो.