धरणाकाठच्या कॉटेजला शोषखड्डा पुरेल की बायो-डायजेस्टर बसवावा?

पवना धरणाच्या काठावर दोन खोल्या बांधताय, शनिवार-रविवारच राहणार, म्हणून विचारताय की सेप्टिक टँक आणि तिचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पुरे, की बायो-डायजेस्टर (जिवाणूंकडून मैला कुजवणारी तयार टाकी) हवा. आधी सांगा, जागा पावसाळ्यात पाहिलीत का? एजंट लोक प्लॉट दाखवतात ते उन्हाळ्यात.

आमच्या साडूंनी मुळशीच्या बाजूला घर बांधलं. शोषखड्डा मे महिन्यात खणला. वर थोडा मुरूम, खाली भेगाळलेला काळा खडक. त्यात टँकरभर पाणी सोडलं, आमचा चहा होईपर्यंत खड्डा कोरडा. साडू खूश. "बघा, कसला पितोय!" मी तिथल्या तिथे म्हटलं, एवढ्या घाईने पितोय म्हणजे गाळत नाहीये. टाकीत गाळ खाली बसतो, पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू भरपूर असतात. ते पाणी मातीतून सावकाश झिरपलं तर काही उपयोग. खडकाच्या भेगेत शिरलं की थेट खालच्या विहिरीत नाहीतर धरणात. त्यावर मला ऐकवण्यात आलं, "तुम्ही बँकेत होतात ना?"

आषाढात सगळे तिथे जमलो. जमिनीतलं पाणी वर आलेलं, शोषखड्डा खालूनच काठोकाठ भरलेला, टाकीतल्या पाण्याला जायला वाट नाही. आधी बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे. मग फ्लश केला की कमोडमधलं पाणी वर चढायचं आणि तिथेच थांबायचं. सासूबाईंना शेजाऱ्यांकडे न्यावं लागलं. साडूंनी भर पावसात गाडी बोलावून टाकी उपसून घेतली. प्लास्टिकची टाकी, आतून रिकामी, चहूकडून पाणी. रात्रीत ती वर उचलली गेली आणि आत येणारा पाइप एल्बोपाशी मोडला. टाकीच्या तळाशी काँक्रीट करून टाकी त्याला बांधून घ्या आणि उपसायची तर पावसाळ्याच्या आधी, हे मी आधीच सांगितलं होतं. साडूंचं म्हणणं, त्या वर्षी पाऊसच जास्त झाला. मुळशीत पाऊस जास्त झाला म्हणे!

आता तुमचं. बायो-डायजेस्टर घ्या किंवा साधी दोन कप्प्यांची टाकी बांधा, जेवढं पाणी आत जाणार तेवढं बाहेर येणार. विकणारा माणूस हे सांगत नाही. टाकी गळकी नको, आणि धरणाच्या विरुद्ध अंगाला, उंचावर घ्या. बाहेरचं पाणी खड्ड्यात न सोडता जमिनीच्या वर बांधलेल्या, तळ पक्का केलेल्या खडीच्या वाफ्यात सोडा आणि त्यात कर्दळ लावा. त्यातून निघेल ते झाडांना, धरणात नाही. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. स्वयंपाकघरातलं पाणी तेलाचा सापळा लावून वेगळं काढा. मोरीत आणि कमोडमध्ये अॅसिड ओतायची सवय असेल तर सोडा.

दोन खड्ड्यांचा संडास (एक भरला की दुसरा वापरायचा) कोणी सुचवेल. उत्तम गोष्ट आहे, पण जमिनीतलं पाणी खोल असलेल्या जागी. खरं तर गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीत गोपुरी संडास करून दाखवला, त्या वाटेने मैल्याचं खत करणं शनिवार-रविवारच्या घराला सगळ्यात शहाणपणाचं. घरी हे बोलून बघा, काय ऐकावं लागतं ते.

मी इंजिनिअर नाही, माती जागेगणिक बदलते, तेव्हा जुलैत खड्डा खणून पाणी किती खाली लागतं ते स्वतः बघा. धरणाच्या पूर्ण संचय पातळीची, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथली रेषा जलसंपदा खात्याकडून आखून घ्या, आणि ग्रामपंचायतीचं तोंडी "चालतंय" धरू नका. टाकीपर्यंत उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचेल अशी वाट ठेवा. आत माणूस उतरवायचा नाही; माणसाकडून मैला साफ करून घेण्याविरुद्धचा 2013 चा कायदा आहेच, आणि टाकीतल्या वायूने माणसं मरतात. साडूंनी ती वाटही ठेवली नव्हती, गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणातून आत घ्यावी लागली.