सोऱ्याला टेकवलेला मोबाईल

साताऱ्याहून एका मुलीचं पत्र आलंय. वय २६, पतसंस्थेत नोकरी, नाव छापू नका म्हणालीये आणि खाली सही केलीये 'दोन्हीकडची'. पत्र चांगलं चार पानी आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं सांगते. तिला अंतराळातल्या साहसकथांचं वेड आहे, यानं, दूरचे ग्रह, वाट चुकलेले अंतराळवीर, शाळेत असताना मामाकडे दिवाळी अंकात पहिली गोष्ट वाचली तेव्हापासून. आणि कॉलेजला असताना दुसरं वेड लागलं ते अमेरिकेतल्या प्रोफेशनल बेसबॉलचं. पहाटे साडेचारचा अलार्म लावून पांघरुणात मोबाईल धरून मॅच बघते. चुलतभाऊ म्हणतात हे काय मुसळ घेऊन खेळतात, आणि वाचनालयातल्या मैत्रिणी म्हणतात अजून रॉकेटच्या गोष्टी वाचतीस होय, मोठी हो की. म्हणजे ज्यांना खेळ आवडतो त्यांना तिची पुस्तकं चालत नाहीत, ज्यांना पुस्तकं आवडतात त्यांना खेळ चालत नाही, आणि ती मधल्यामध्ये एकटी.

तरी ते चाललं होतं. पण २०२५ च्या धनत्रयोदशीला सकाळी आई चकल्या तळत होती, ही पाडत होती, मोबाईल सोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यावर डॉजर्सची, म्हणजे लॉस एंजेलिसच्या टीमची, मॅच. त्यांच्या ओहतानीनं तिसरी होमरन मारली, होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, आणि ही एवढ्या जोरात ओरडली की आईचा झारा कढईत आपटला, तेल मनगटावर उडालं. आई म्हणाली, "तिकडं जाऊन हेच करणारेस का?" तिकडं म्हणजे कराडला. कारण कराडचं स्थळ आलंय, बघण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून होकार आहे, साखरपुडा तीन आठवड्यांवर. आणि त्या कार्यक्रमाआधी आत्यानं बजावलं होतं की छंद विचारले तर वाचन आणि स्वयंपाक एवढंच सांगायचं. हिनं तेवढंच सांगितलं. आता विचारतीये, मावशी मी दोन्ही सोडू का, निदान एक तरी, आणि त्याला सांगू का नको.

अगं दोन्हीकडची, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण तोच खरा प्रश्न आहे. सांग. साखरपुड्याच्या आधी सांग, नंतर नाही.

का ते माझ्यावरून सांगते. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, कॅचर होते, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागं बसून बॉल पकडायचा, जिल्ह्याच्या टीममधून दोनदा खेळून आले. लग्न झालं तेव्हा ग्लोव्ह ट्रंकेत तळाला ठेवला, वर शालू, वर डांबरगोळ्या, आणि सासरी कुणाला बोललेच नाही. कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायची मला लाज वाटायची, सुनेनं असलं काय सांगायचं. अकरा वर्षं. मग एकदा ट्रंक उन्हात टाकायला काढली आणि ह्यांच्या हातात तो ग्लोव्ह आला. चामडं कडक झालेलं, बोटांच्या मधली जाळी तुटलेली, पंज्यात बॉल बसून बसून पडलेला खड्डा मात्र तसाच. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत गं, ते तो उलटापालटा करत बराच वेळ बसले आणि म्हणले, "अजून काय काय ठेवलंयस ट्रंकेत?" रागानं नाही म्हणले. त्यांना लागलं होतं. अकरा वर्षं एका घरात राहून हा माणूस मला ओळखत नव्हता आणि ते माझ्यामुळं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच चांभाराकडून ती जाळी नव्या वादीनं ओवून आणली, पण त्या दिवशीचं त्यांचं तोंड मी विसरलेले नाही. म्हणून तुला सांगतीये. आत्याचा हेतू वाईट नाही, तिच्या काळात तसंच करायचे, पण तिचा सल्ला चुकीचा आहे आणि तू तो ऐकलास हे तुझं चुकलं. अजून तीन आठवडे आहेत, दुरुस्त करता येतंय.

आता सोडायचं का. नाही, आणि एक पण नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "मी धड इकडची नाही धड तिकडची नाही", ते मला अजिबात पटलं नाही. तू ज्याला बघून ओरडलीस त्याचंच बघ की. ओहतानी २०१८ ला जपानहून अमेरिकेत खेळायला गेला तेव्हा किती जणांचं म्हणणं होतं की बाबा एकच काहीतरी धर, बॉल टाक नाहीतर बॅटिंग कर, एवढ्या वरच्या लेव्हलला दोन्ही जमत नसतं, जुन्या काळातला एवढा मोठा खेळाडू बेब रूथ, त्यानं पण १९१९ नंतर बॉलिंग जवळजवळ सोडलीच होती. आणि तू बघत होतीस त्या एका मॅचमध्ये त्यानं सहा इनिंग टाकून दहा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॉल धड मारूच न देता बाद केलं, एक रन दिली नाही, आणि तीन होमरन मारल्या. त्याला दोन्ही येतं म्हणून तो अर्धा अर्धा झाला नाही ना.

आणि ह्या दोन आवडी एकमेकींपासून लांब आहेत हे तरी कुणी सांगितलं तुला? ह्यूस्टनच्या टीमचं नाव आधी कोल्ट फोर्टीफाईव्ह्ज होतं, बंदुकीवरून. १९६५ साली ते बदलून ॲस्ट्रोज केलं कारण नासाचं माणसं अंतराळात पाठवायचं केंद्र त्याच शहरात होतं. त्याच वर्षी ते छपराच्या स्टेडियममध्ये खेळायला लागले, ॲस्ट्रोडोम, तर छपरातून येणाऱ्या उजेडानं उंच उडालेला बॉलच दिसेना, म्हणून छपराच्या पारदर्शक तावदानांना रंग फासला, तर ऊन न मिळून खालचं गवत मेलं, आणि मग १९६६ ला नकली गवत अंथरलं. मला तर ही परग्रहावर वस्ती करायला गेलेल्या माणसांची गोष्ट वाटते, एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडतंय. आणि गेलॉर्ड पेरीची गोष्ट तुला माहीत असेलच, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. सॅन फ्रान्सिस्कोचा बॉलर, बॅटिंगला अगदी कच्चा. त्याचा मॅनेजर म्हणला होता असं सांगतात की हा होमरन मारायच्या आधी माणूस चंद्रावर पोचेल. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरलं आणि त्यानंतर थोड्याच वेळात पेरीनं आयुष्यातली पहिली होमरन मारली. मॅनेजर खरंच तसं म्हणला का नाही ते देव जाणे, पण होमरनची तारीख खरी आहे. न्यूयॉर्क मेट्स, जी टीम १९६२ पासून तळाला नाहीतर तळापासून दुसरी असायची, ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, जिंकली. ज्या पोरांनी त्या उन्हाळ्यात रात्री चंद्र बघितला आणि पावसाळ्यानंतर मेट्स बघितली त्यांना तुझ्यासारखं कुणी विचारलं नसेल की दोन्ही कसं काय आवडतं.

तू डीप स्पेस नाईन बघितलीस का मला माहीत नाही. १९९३ ची स्टार ट्रेकमधली मालिका. त्यातला कमांडर सिस्को भविष्यातल्या अंतराळ स्टेशनवर राहतो आणि टेबलावर बेसबॉल ठेवतो. पहिल्याच भागात त्याला असे जीव भेटतात ज्यांना काळ म्हणजे काय हेच कळत नाही, काल आज उद्या सगळं एकच त्यांना, तर हा त्यांना बेसबॉल घेऊन समजावतो, की बॉल टाकला की पुढं काय होणार ते कुणालाच माहीत नसतं आणि म्हणूनच आम्ही खेळतो. हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुझ्यासारखंच दोन्ही होतं.

मला स्वतःला विचारशील तर दोन्हीत एकच गोष्ट आहे आणि ती मला मैदानात उभं राहून कळलेली आहे. लांब उभा असलेला फिल्डर बॉल जिथं आहे तिकडं पळत नाही, तो जिथं पडणार आहे तिकडं पळतो, बॅटचा आवाज आला की पहिलं पाऊल टाकतो. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं ते मंगळ तेव्हा होता तिकडं नाही निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला तो जिथं असणार होता तिकडं निघालं. दहा महिने आधी पहिलं पाऊल. तुला यानाच्या गोष्टीत जे आवडतं आणि उंच कॅच बघताना पोटात जे होतं ना, ते एकच आहे बघ.

वाचनालयातल्या मैत्रिणींचं सांगू का, त्यांच्यावर रागावू नकोस पण एवढं त्यांना सांग की जयंत नारळीकर, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले, एवढे मोठे शास्त्रज्ञ, त्यांनी अशाच कथा लिहिल्या आणि २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पोरकट असतं तर तिथं बसवलं नसतं. आणि त्यांची एक गंमत, विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं, स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालंच. लपवायचं तर असं लपवावं, लाजेनं नाही.

चुलतभावांना २००८ सालचं सांग. उत्तर प्रदेशातली दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भाला फेकणारी, त्याआधी बेसबॉल हातात न धरलेली, त्यांना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स टीमनं करारावर घेतलं. आपल्या शालेय स्पर्धांच्या यादीत पण बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे. आणि साताऱ्यात राहून कुठला खेळ आपला कुठला परका असं बोलू नये माणसानं, आपल्या अदिती स्वामीनं १७ व्या वर्षी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद आणलंय, त्याआधी किती जणांना कंपाउंड धनुष्य माहीत होतं?

आता आईचं. इथं मी तुझ्या बाजूनं नाहीये. उकळत्या तेलापाशी मोबाईल नको म्हणजे नको, मॅच कुठलीही असू दे. पत्रात तू आई काय म्हणाली ते लिहिलंस, तिच्या मनगटाचं पुढं काय झालं ते नाही लिहिलंस. आधी तिच्याजवळ बस, हात बघ, माफी माग. तिला बेसबॉलची भीती नाहीये, तिला भीती आहे की सासरी पोरगी पहाटे साडेचारला मोबाईल घेऊन बसली तर लोक काय म्हणतील, आणि झोप नाही झाली तर तब्येत काय राहील, आणि ही दुसरी भीती खरी आहे. पूर्वेकडच्या शहरातल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे साडेचारच्या पुढं लागतात, पण डॉजर्सच्या घरच्या मॅचेस बहुतेक सकाळी पावणेआठच्या आसपास. तुझी टीम तीच आहे तर मग चहाच्या वेळेला बघ ना, दहाला पतसंस्थेत जायचंय, जेवढ्या इनिंग होतील तेवढ्या. एका टीमच्या सीझनला १६२ मॅचेस असतात, सगळ्या तर अमेरिकेतला माणूस पण बघत नाही. पहाटेचा अलार्म आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ऑक्टोबरची, म्हणजे बाद फेरीची, गोष्ट वेगळी, ते मी समजू शकते. दिवाळीनंतरच्या त्या मंगळवारी वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच साडेपाचला सुरू होऊन अठरा इनिंग चालली, नेहमीच्या दुप्पट, दुपारी बारा वाजून गेले, तू हाफ डे टाकलास, ठीक आहे, तसल्या दिवशी मी पण टाकला असता. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत सीझनच्या मॅचेस नसतातच, तेव्हा पुस्तकं आहेतच की.

राहिलं त्याला कसं सांगायचं. फोनवर नको, मेसेज तर नकोच, तसल्या गोष्टी टाईप केल्या की उगाच गुन्हा कबूल केल्यासारख्या दिसतात. त्याला रविवारी साताऱ्याला बोलव, घरच्यांना सांगून, चार भिंतीच्या टेकडीवर जा संध्याकाळी. तू लिहिलंयस की तुझ्याकडे ऑनलाईन मागवलेला एक बेसबॉल आहे, तो पिशवीतून घेऊन जा. आणि सुरुवातीलाच सांग, की त्या दिवशी छंद विचारलेत तेव्हा मी अर्धंच सांगितलं, आत्याचं नाव मध्ये आणू नकोस, तोंड तुझं होतं. मग बॉल त्याच्या हातात दे. तो गावात क्रिकेट खेळतो म्हणालीस ना, मग त्याची बोटं आपोआप शिवण शोधतील. क्रिकेटच्या बॉलची शिवण सरळ गोल फिरते, ह्याची वळणं घेत घेत जाते, १०८ दुहेरी टाके, लाल दोऱ्याचे, आणि बॉल क्रिकेटच्यापेक्षा हलका. त्याला विचार हा कसा धरायचा. मग तू दाखव दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवून, आणि हा हवेत वळतो तो गिरक्यांमुळं आणि ह्या टाक्यांमुळं, चंद्रावर हवा नाही म्हणून तिथं कितीही फिरवला तरी वळणारच नाही हे पण सांग, म्हणजे दुसरी आवड आपोआप निघेल, वेगळी सांगायला नको.

हसला तर लगेच मनाला लावून घेऊ नकोस, नवीन ऐकलं की माणूस हसतो. पण हसून झाल्यावर त्यानं काही विचारलं का ते बघ. एक जरी प्रश्न विचारला तरी मला पुरे आहे. आणि न विचारता बॉल परत देऊन दुसरं काहीतरी बोलायला लागला, तर साखरपुड्याची तारीख थोडी पुढं ढकल, अजून दोनदा भेट, आईला मी सांगितलंय म्हणून सांग.

रविवारी रात्रीच लिही मला, त्यानं बॉल कसा धरला ते.

तुझी मावशी