राउटरमध्ये १.१.१.१ टाकलं, मग ब्राउझिंग खासगी झालं का?

तुम्ही इंदिरानगरहून विचारलंय: केबलवाल्याचं फायबर, राउटरमध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीचा डीएनएस १.१.१.१ टाकला, आता सगळं खासगी झालं की क्वाड९ ही दुसरी डीएनएस सेवा घेऊ? घरात दोन मुलं आणि मोबाईलवर बँक वापरणारे वडील आहेत, हेही लिहिलंय.

अजून काहीच खासगी झालेलं नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. नुसते आकडे बदलले की साइटचा पत्ता विचारणारी क्वेरी दुसऱ्या कंपनीकडे जाते, पण जाते उघडीच, डीएनएसच्या नेहमीच्या पोर्ट ५३ वरून. ती वाटेत वाचताही येते आणि वळवताही येते. माझ्या सिडकोतल्या घरी राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ असूनही नाव चुकीचं टाइप झालं की जाहिरातींचं पान उघडायचं. एनक्रिप्टेड, म्हणजे वाटेत कुणाला वाचता न येणारा, डीएनएस सुरू केल्यावरच ते थांबलं.

म्हणून आधी एनक्रिप्शन, मग कंपनी. अँड्रॉइड ९ पासून पुढे सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं: डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट, अर्थात इंग्रजी अक्षरांत. विंडोज ११ मध्येही सोय आहे. राउटरमध्ये 'डीएनएस ओव्हर टीएलएस' (एनक्रिप्टेड डीएनएसचाच एक प्रकार) दिसलं तर उत्तमच. केबलवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये ते बहुधा नसतं, मग एकेक उपकरण करत बसावं लागतं.

घरासाठी मी क्वाड९ घेईन. संस्था ना-नफा तत्त्वावरची, २०२१ पासून मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, आणि तुमचा आयपी पत्ता ती साठवत नाही. माझ्यासाठी त्याहून मोठं कारण तुमचे वडील. 'आज रात्री वीज तोडणार' अशा मेसेजमधली लिंक दाबली गेली, तर क्वाड९च्या धोकादायक साइटच्या यादीत असलेली फसवी साइट उघडतच नाही. कालच तयार झालेली साइट मात्र निसटू शकते, त्यामुळे ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे त्यांना बजावाच.

क्वाड९ अश्लील साइट अडवत नाही. मुलांच्या टॅबवर क्लाउडफ्लेअरचं कुटुंबासाठीचं १.१.१.३ ठेवा, तेही एनक्रिप्टेड नावानेच.

टीव्हीसारख्या उपकरणांसाठी राउटरमध्ये ९.९.९.९ टाकाल, तेव्हा दुसऱ्या रकान्यात गूगल नको, क्वाड९चंच १४९.११२.११२.११२ टाका. नाहीतर काही क्वेरी तिकडे जातात आणि फिल्टरचा उपयोग राहत नाही. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चा डीएनएसही बघा. तो बहुतेकांच्या घरी केबलवाल्याचाच राहून गेलेला असतो.

एवढं करूनही तुम्ही कोणत्या सर्व्हरशी जोडलात, आणि बहुतेक वेळा साइटचं नावही, केबलवाल्याला दिसू शकतं. तेही लपवायचं असेल तर व्हीपीएन (सगळी ये-जा एनक्रिप्ट करून दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सेवा) लागेल, आणि मग तोच भरवशाचा प्रश्न व्हीपीएनवाल्याबद्दल विचारावा लागेल.