कौले कुणी शाकारायची?

वाचकांचे प्रश्न : उपासना मंदिर, वर्गणी आणि कारभार

प्रश्न : विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मेथडिस्ट मंडळी आहे. चर्च मिशनच्या काळातले, दगड-चुन्याचे, वर मंगलोरी कौले. गेल्या पावसाळ्यात वेदीवर पाणी गळले. छपर पेलणाऱ्या दोन लाकडी कैच्यांना वाळवी लागली आहे. ठेकेदार म्हणतो, कौले काढून स्लॅब टाका, पुन्हा बघायला नको. मंडळीतलेच, पण आता परदेशात स्थायिक झालेले एक कुटुंब सगळा खर्च द्यायला तयार आहे. अटी दोन : वेदीमागच्या भिंतीवर आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी, आणि कमिटीत त्यांच्या भावाला कायमची जागा. कमिटीतल्या बहुतेकांना हे मान्य आहे. बाकीची मंडळी रोजमजुरी, शिवणकाम, अंगणवाडीतली नोकरी यांवर जगणारी. परवा एकजण मला म्हणाला, "मग आमच्या पन्नास रुपयांचं आता काय काम?" मी खजिनदार आहे. काय करू?

उत्तर : ख्रिस्तात प्रिय बंधू, आधी ठेकेदाराला थांबवा. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हेच माझे काम होते, म्हणून हे ठासून लिहिते. पाच इंची स्लॅबचे नुसते वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जाते. रिपांसकट मंगलोरी कौलांचे वजन त्याच्या पाव हिश्श्याहून कमी. तुमच्या भिंती कौलांचा भार धरून उभारलेल्या आहेत. त्यांत ना कॉलम ना बीम. त्यांच्या डोक्यावर हा बोजा चढवायचा आणि खाली लेकरांचा संडे स्कूल भरवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय कुणीही करू नये. तसा अहवाल स्लॅबच्या बाजूने येईल असे मला वाटत नाही.

गळती बहुतेक वेळा चांगल्या कौलांतून होतच नाही. आढ्यावरची कौले सुटलेली असतात, छपराची उतरती बाजू, म्हणजे पाख, जिथे त्रिकोणी भिंतीला भिडते तिथला चुना फुटलेला असतो, पन्हळीत पाला साचलेला असतो, माकडांनी कौले सरकवलेली असतात. विदर्भात तर माकडांचा हिशेब आधी धरावा. उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, जाणत्या माणसाकडून शाकारणी करून घ्या, म्हणजे कौले उतरवून, साफ करून पुन्हा नीट बसवून घ्या, आणि फुटकी कौले तेवढी बदला. वाळवीचे म्हणाल तर कैचीचे टोक जिथे भिंतीत रुतलेले असते तिथे ओल मुरते आणि वाळवीही बहुधा तिथूनच चढते. पेचकसाने टोचून बघा. लाकूड पोकळ लागले तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून नवे सागवान लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट यांनी जोडता येते. अख्खी कैची उतरवावी लागतेच असे नाही. काम चालू असताना कैचीला खालून टेकू मात्र हवा. भिंतीच्या भेगांत पिंपळाची रोपे असतील तर ती नुसती उपटू नका. मुळे राहिली की पुन्हा फुटतात. आणि कुणी कितीही सांगितले तरी सिमेंटचा गिलावा नको. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल भिंतीतूनच बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते, मग भिंतीवर खारा लोणा धरतो, पोपडे सुटतात आणि आतला चुना भुसभुशीत होत जातो. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा.

हे सगळे आधी लिहिले, कारण यामुळे खर्चाचा आकडा बदलतो. स्लॅबचा खर्च तुमच्या मंडळीच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणूनच तुम्हाला एकाच दात्याकडे बघावे लागते. शाकारणी, दोन कैच्यांची दुरुस्ती आणि चुन्याचे काम हे मंडळीला दोन उन्हाळ्यांत मिळून पेलण्यासारखे असू शकते. तीन जणांकडून लेखी अंदाज मागवा आणि मगच सभा बोलवा.

आता त्या पन्नास रुपयांविषयी. हा प्रश्न मला फार लागला. आपण मेथडिस्ट ज्याला क्लास मीटिंग म्हणतो, म्हणजे बारा-एक जणांच्या गटाची, वर्गाची, नियमित भेट, ती मुळात एका इमारतीच्या कर्जातून निघाली, हे आपल्या मंडळ्यांत आता कुणी सांगत नाही. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 'न्यू रूम' हे सभागृह बांधायला घेतले. बांधकामाचे कर्ज राहिले. ते कसे फेडायचे यावर १७४२ च्या फेब्रुवारीत बैठक झाली. कॅप्टन फॉय नावाचे सभासद म्हणाले, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हटले, पुष्कळजण गरीब आहेत, त्यांना हे परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाले, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्यांना जमेल ते देतील, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. इतरांनीही तसेच अकरा-अकरा जण वाटून घेतले. मग दारोदार जाणाऱ्या या माणसांना कळू लागले की कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचे घर मोडायला आले आहे, कुणाचा विश्वास डळमळला आहे. वेस्लींनी ओळखले की पैसा गोळा करताना हाती आलेली ही गोष्ट पैशाहून मोठी आहे. पुढे वर्ग हाच मेथडिस्ट जीवनाचा कणा झाला. फॉय यांनी गरिबांना वगळून कर्ज फेडले असते, तर वर्ग जन्मालाच आला नसता.

त्याच इमारतीची आणखी एक हकिगत तुमच्या दुसऱ्या अडचणीला लागू पडते. वेस्लींनी सुरुवातीला न्यू रूमसाठी अकरा विश्वस्त नेमले होते. वेस्लींचे सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड आणि लंडनचे इतर मित्र यांनी त्यांना कळवले की तुझा उपदेश या लोकांना आवडला नाही तर तूच बांधलेल्या जागेतून ते तुला बाहेर काढतील. या विश्वस्तांना दूर केल्याशिवाय आम्ही एक पैसाही देणार नाही. वेस्लींनी ते ऐकले आणि सगळा भार स्वतःच्या अंगावर घेतला. पुढे त्यांनी उपदेशकांसाठी नियमच घालून दिला : मंदिरे साधी आणि नीटनेटकी बांधा, अगदी टळणार नाही तेवढाच खर्च करा, नाहीतर श्रीमंतांवाचून आपले चालेनासे होईल, मग आपण त्यांच्यावर अवलंबून राहू आणि शेवटी तेच आपल्यावर सत्ता चालवतील.

म्हणून भावाला कायमची जागा नाही. कमिटीवर माणूस निवडून येतो आणि मुदत संपली की उतरतो. हे पाळकसाहेबांना बरोबर घेऊन त्या कुटुंबाला प्रेमाने, पण लेखी कळवा. पाटीबद्दल माझे मत असे की वेदीमागची भिंत कुणाच्याही नावाची नसावी. आईवडिलांची आठवण ठेवावीशी वाटणे चांगलेच आहे. त्यांची नावे मंडळीच्या नोंदवहीत लिहा, उपासनेत त्यांच्यासाठी उपकारस्तुती करा. त्यांचे पैसे नाकारू नका. त्यांना सांगा, मंडळी जितके जमवील तितकीच भर तुम्ही घाला. पन्नास रुपये देणाऱ्याला मग ठाऊक असेल की त्याच्या पन्नासामुळे आणखी पन्नास येणार आहेत.

एक खबरदारी घ्याच. त्या कुटुंबाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ती रक्कम कायद्याने परदेशी देणगी ठरते. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसेल तर ती घेता येत नाही; रोख नाही आणि भावाच्या खात्यातून फिरवूनही नाही. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या कमाईतून देत असतील तर ही अडचण नाही. आधी विचारा, मग पावती फाडा.

आणि मंडळीची यादी घेऊन बसा. बारा-बारा जणांचे गट करा, प्रत्येकाला एक नायक नेमा. त्याने महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जावे, प्रार्थना करावी, जे मिळेल ते घ्यावे. माझे वडील पाळक होते. आमच्याकडे महिनाअखेर कणगीचा तळ दिसायचा, तरी आई भाकरीचे पीठ मळण्याआधी मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची आणि सुगीच्या सणाला तो डबा वेदीपाशी न्यायची. त्या डब्यावाचून चर्च बंद पडले असते असे नाही. पण चर्च तिचे होते. तुमच्याकडे ज्यांना पैसा जमत नाही त्यांनी कौले उतरवून पुसून रचून द्यावीत. ते कामही मजुरीच्या दराने नोंदवहीत लिहा, देणगीच्याच पानावर.

पैशाचा विश्वास उघड्या हिशेबाने टिकतो. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योवाश राजाच्या कारकिर्दीची गोष्ट आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा येत होता, पण तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी काही झाली नव्हती. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून पैसा मोजत. तो सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या हाती जाई. तुम्हीही दुरुस्तीचे खाते वेगळे काढा, थैली दोघांनी मोजून दोघांनी सही करा, आणि जमा-खर्चाचा कागद महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराशी लावा. पुढेही हे खाते बंद करू नका. दर महिन्याला थोडे थोडे त्यात पडत राहिले तर दरवर्षीच्या शाकारणीसाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

"मिशनने बांधले, मिशन बघेल" ही सवय आपल्यात खोल गेली आहे, म्हणून इतके लांब लिहिले. अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर १८७१ साली मुंबईत आले आणि त्यांनी मेथडिस्ट मंडळी उभारली ती मुळी परदेशच्या मिशनफंडावर न चालता स्वतःच्या देणग्यांवर चालणारी म्हणून. त्यांना येऊन मिळालेले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन तर १८४८ पासून मुंबईत होते; मिशनचा पगार सोडून देऊन ते अगदी थोडक्या पैशांत, लोकांमध्ये राहिले, आणि १८८८ मध्ये तिथेच वारले. १९८१ साली आपली मंडळी स्वायत्त झाली. तेव्हापासून तर ही कौले आपलीच आहेत.

प्रश्न : मी मुंबईच्या एका मंडळीची सभासद आहे, विधवा आहे, पेन्शनवर भागवते. आमच्याकडे वर्षअखेरीला प्रत्येकाची वर्गणी नाव आणि रकमेसह वाचून दाखवतात. माझी रक्कम सर्वांत लहान. गेल्या वर्षी थकबाकी राहिली म्हणून मुलीच्या लग्नासाठी मंडळीने द्यायची चिठ्ठी अडवून ठेवली. आता जाऊच नये असे वाटते.

उत्तर : ताई, तुमच्यावर अन्याय झाला आहे. वर्गणी हे अर्पण आहे, नळपट्टी नव्हे. थकबाकीसाठी लग्नाची चिठ्ठी, बाप्तिस्मा किंवा दफन अडवणे हे ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या कारभारात बसत नाही, आणि मला त्यात दोन बाजू दिसत नाहीत. मंदिरातल्या दानपेटीसमोर प्रभू बसला होता तेव्हा श्रीमंत पुष्कळ टाकत होते. त्याने शिष्यांना बोलावून दाखवली ती दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा. तुमच्या कमिटीने तिची थकबाकी काढली असती.

तुम्ही जाणे सोडू नका. पाळकसाहेबांना भेटा, एकटीने जड वाटत असेल तर महिला मंडळातल्या कुणाला तरी बरोबर घ्या, आणि तीन मागण्या लेखी द्या. एकूण जमा आणि एकूण खर्च सर्वांना वाचून दाखवावा. कुणी किती दिले हे देणाऱ्याच्या पावतीवरच राहावे. आणि ज्यांना द्यायला जमत नाही त्यांच्याकडे चिठ्ठी अडवणाऱ्याने नव्हे, विचारपूस करणाऱ्याने जावे. तिथे दाद मिळाली नाही तर आपल्या चर्चच्या जिल्हा अधीक्षकांना लिहा. हे पान कापून सोबत जोडलेत तरी माझी हरकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. पगार दोनदा वाढला, पण दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देताना हात पूर्वीपेक्षा जड झाला आहे. शिवाय तो गावच्या मंडळीला द्यायचा की इथल्या?

उत्तर : वेस्लींनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाची हकिगत सांगितली आहे, तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानतात. वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा त्याने २८ त भागवले आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी २८ तच भागवून ३२ दिले. मग ९० झाले, ६२ दिले. हात जड होतो तो बहुधा पगाराबरोबर गरजाही वाढल्याने. पगारवाढीच्या पहिल्याच महिन्यात, नवा हप्ता सुरू होण्याआधी, देण्याची रक्कम ठरवून टाका.

मोठा भाग तुम्ही जिथे दर रविवारी वचन ऐकता तिथे द्या. तिथली वीज, पाळकांचा पगार, झाडलोट तुमच्यासाठीही चालते. पण गावाला विसरू नका. तरणी मिळवती मुले शहरात गेल्यामुळेच गावच्या चर्चवर शाकारणीला माणूस नाही. मे महिन्यात सुटी काढून स्वतः जा.

प्रश्न : आवाराची रस्त्याकडची बाजू मोबाईल टॉवरला नऊ वर्षांच्या कराराने द्यावी, भाड्यातून दुरुस्ती होईल, असे कमिटीत चालले आहे. चालेल का?

उत्तर : कमिटीच्या ठरावावर नाही. मालमत्ता कुणाच्या नावे आहे ते कागद काढून बघा. स्थानिक कमिटी बहुधा मालक नसते, त्यामुळे वरच्या मंडळाची लेखी परवानगी लागेल. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची अकृषिक जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विक्री, बक्षीस, अदलाबदल यांनाही तोच नियम. परवानगी हातात येईपर्यंत टॉवरवाल्यांकडून आगाऊ रक्कम घेऊ नका, आणि कुणी घेतली असेल तर ती चेकने परत करून पोच मंडळीच्या फायलीत लावा.