एलएलएमला कुठे अर्ज करावा: सांगलीच्या एका वकिलाला उत्तर

तुम्ही लिहिलंत की सांगलीच्या जिल्हा न्यायालयात तीन वर्षं दिवाणी वकिली झाली, आता परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करून तिकडेच स्थिरावायचं आहे, आणि अमेरिकेतली हार्वर्ड, कोलंबिया, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी), इंग्लंडमधली ऑक्सफर्ड, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) यांत कुठे अर्ज करावा ते ठरत नाही. ताई म्हणून विचारलंत, म्हणून मोकळेपणानं लिहिते. प्रवेशाच्या अटी, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा हे सगळं त्या त्या वेबसाइटवर आहे, त्यात मी जात नाही.

क्रमवारी आधी बाजूला ठेवा. अमेरिकेतली ती क्रमवारी जेडीची असते, म्हणजे तिथल्या मुलांच्या तीन वर्षांच्या मूळ पदवीची. वकिलांच्या मोठ्या फर्म भरती करतात तीही मुख्यतः याच मुलांतून, उन्हाळ्यातल्या उमेदवारीवरून. एलएलएमचं वर्ष जेमतेम नऊ महिन्यांचं, त्यात तुम्ही त्या रांगेपर्यंत पोचतच नाही. न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत एलएलएमवाल्यांसाठी वेगळ्या मुलाखती होतात. तिथे ब्राझीलच्या, कोरियाच्या मुलांना बोलावणी येतात, कारण त्या फर्मची साओ पाउलोत, सोलमध्ये ऑफिसं आहेत. भारतात मात्र त्यांना ऑफिस थाटायला बंदी होती. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम ठेवली, २०२३ मध्ये बार कौन्सिलनं दार किलकिलं केलं, तेही परदेशी कायद्याच्या सल्ल्यापुरतं. आपल्या मुलांची पंचाईत इथे होते, मग प्रमाणपत्रावर हार्वर्डचं नाव का असेना. न्यूयॉर्कचं एक वर्ष फी, भाडं, विमा धरून १ लाख डॉलरच्या पुढे जातं. ते कर्ज काढण्याआधी हे माहीत असायला हवं.

आणखी एक. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला, म्हणजे तिथल्या वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसायला एलएलएम लागतंच असं नाही. आपली पदवी कॉमन लॉच्या परंपरेतली असल्यानं अनेकांना थेट बसता येतं. ती परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडून आपल्या पदव्यांची छाननी आधी करून घेता येते, ती मागवा. कॅलिफोर्निया तर सनद असलेल्या परदेशी वकिलाला एलएलएमशिवाय बसू देतं. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, तिलाही तिथली पदवी लागत नाही.

या लॉ स्कूलांच्या स्वभावात फरक आहे. येलचं एलएलएम वीस-पंचवीस जणांचं, ज्यांना प्राध्यापक व्हायचंय त्यांच्यासाठी. हार्वर्डला साधारण १८० जण असतात. एनवाययूला करकायद्यासाठी जावं, तिथे त्यांचा हात धरणारं कुणी नाही. कायदा मुळातून शिकायची भूक असेल तर मी ऑक्सफर्डचं बीसीएल, म्हणजे तिथली एलएलएमच्या तोडीची पदवी, सगळ्यांच्या वर ठेवीन. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ती परीक्षा देणाऱ्या पहिल्या बाई. परीक्षा त्यांनी दिली, पदवी मात्र तेव्हा बायकांना मिळत नव्हती, तीस वर्षं थांबावं लागलं. मुंबईचा जे. एन. टाटा एंडोमेंट हा शिक्षणनिधीही १८९२ मध्येच सुरू झाला. तो कर्जरूपानं मदत करतो, तिथे अर्ज कराच. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही बघा.

कागदपत्रांबद्दल लिहिताना अजून हात आखडतो. अमेरिकेतल्या अर्जांसाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, बहुधा विद्यापीठानं थेट पाठवावी लागते, बंद पाकिटात, चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का मारून. माझ्या विद्यापीठात ‘थेट पाठवणं’ हा प्रकारच कुणाला ठाऊक नव्हता. एका खिडकीवर चलन, दुसरीवर अर्ज, तिसऱ्या खिडकीतले साहेब रजेवर. मी तोवर कोर्टाच्या तारखांत अडकलेली, म्हणून वडील जायचे. पहाटेच्या एसटीनं, डबा घेऊन. एकदा पाकीट तयार झालं तर शिक्का कडेवर न मारता मध्येच मारलेला. परत सगळं पहिल्यापासून. निवृत्त मुख्याध्यापक माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले वेळेवर देत आला, आणि स्वतःच्या मुलीच्या कागदासाठी त्या बाकावर ताटकळला. ते गेले, पण याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं जोडली जातात. त्यासाठी कुणी जाणं थांबवू नये.

माझ्या मनात सलतं ते वेगळंच आहे. मी बार पास झाले, न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत राहते, एका बँकेच्या कायदा विभागात करार तपासते. काम चांगलं आहे, मुलगी इथे रमली आहे. पण तालुका कोर्टात मी वाटपाच्या दाव्यांत उलटतपास घ्यायचे. साक्षीदार ‘बांध आमचाच’ म्हणून ठासून सांगायचा, मी जुना फेरफार पुढे करायचे, आणि त्या क्षणी तो भावाकडे बघतो की वकिलाकडे, यावरून पुढचा प्रश्न सुचायचा. हे कुठल्या वर्गात शिकले नव्हते, सिनियरच्या मागे बसून अंगात आलं होतं. इथे ते कशालाच लागत नाही. मला ते काम आठवतं, फार आठवतं, आणि त्याच्या बदल्यात जे मिळालं ते पुरेसं आहे का, हे मला अजूनही सांगता येत नाही.

तुम्हाला कोर्टात उभं राहणं आवडतं, असं तुमच्या पत्रातून वाटलं. तसं असेल तर यादी बदला. लवाद हे असं क्षेत्र आहे जिथे उलटतपासाचं कसब सीमा ओलांडूनही थोडंफार चालतं, आणि त्यासाठी लंडनचं क्वीन मेरी तुमच्या यादीत नाही, ते घाला. सोबत बीसीएल आणि एलएसई. कोलंबिया, हार्वर्ड मात्र शिष्यवृत्ती मिळाली तरच. दुसरं म्हणजे, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. किती वर्षांची मागणी होती ती, तुमच्या बार असोसिएशनमधल्या जुन्या वकिलांना विचारा. माझ्या वेळी हायकोर्ट म्हणजे मुंबई. तुम्ही तिथे एखादं वर्ष उभे राहा, अपिलं चालवा, आणि अर्ज पुढच्या हंगामात करा. त्या अनुभवानं अर्जही भक्कम होईल, आणि जायचंच आहे का हेही कळेल.

ट्रान्सक्रिप्टचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका, आणि स्वतः जा. घरच्यांना पाठवू नका.