कोडिंग येत नसताना प्युअर डेटामध्ये स्वतःचा ऑडिओ इफेक्ट बनवता येतो का, की आधी सी++ शिकावं?

येतो. बिनधास्त सुरुवात करा. प्युअर डेटा म्हणजे स्क्रीनवर डबे तारांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर. 'डबे जोडणं म्हणजे खरं प्रोग्रामिंग नव्हे' हे मी कित्येक वर्षं ऐकतोय, तेही घरातल्याच माणसाकडून, म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापुरात नाटकांना साउंड देतो. वडिलांचा अक्कलकोट रोडला पॉवरलूमचा कारखाना होता. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या एका प्रयोगासाठी मला धोट्याचा ठोका हवा होता, पण असा की तो पडला की तार छेडल्यासारखा सुरात वाजून विरत जाईल. ठोका कारखान्यातच मोबाइलवर रेकॉर्ड केला. पुढची जोडणी अशी: आवाज डिलेत, म्हणजे तो थोडा उशिराने परत देणाऱ्या डब्यात, सोडायचा, बाहेर आला की लो-पासमधून, म्हणजे वरचे तीक्ष्ण सूर कमी करणाऱ्या गाळणीतून, काढायचा, ०.९८ ने गुणायचा, परत डिलेत. डिले जितका लहान तितका सूर उंच.

सूर चढला आणि मध्येच अडला. डिले १ मिलिसेकंद केला, अर्धा केला, सूर जागचा हलेना.

दिवाळीला पुण्याहून आतेभाऊ आला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "खेळणं आहे रे हे, असंच अडकणार. सी++ शीक." का अडकतंय, हे मात्र त्याला सांगता येईना. फराळ राहिला बाजूला, रात्री एकपर्यंत वाद.

तो झोपल्यावर मी ट्यूनर लावला. सूर ६८५ हर्ट्‌झच्या आसपास. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाचे ४४१०० तुकडे, म्हणजे सॅम्पल, मोजत होता. ४४१०० भागिले ६४ केलं, उत्तर ६८९. मग उलगडलं! प्युअर डेटा आवाज ६४-६४ सॅम्पलच्या गठ्ठ्यांनी मोजतो, आणि फिरून येणारा आवाज पुढच्या गठ्ठ्याशिवाय आत घेत नाही. म्हणजे फीडबॅकमधला, फिरून येणाऱ्या आवाजाचा, डिले १.४५ मिलिसेकंदांच्या खाली जातच नाही. फक्त तो फेरा वेगळ्या सबपॅचमध्ये, म्हणजे जोडणीच्या आतल्या छोट्या जोडणीत, टाकला, आत 'ब्लॉक~ १' ठेवला, म्हणजे गठ्ठा एकाच सॅम्पलचा केला, आणि सूर सरसर वर गेला. सीपीयूवर ताण येतो, म्हणून अख्खा पॅच, म्हणजे सगळी जोडणी, त्यात घालू नका.

हे प्रोग्रामिंग नाही तर काय आहे? मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकॅम या संगीत-संशोधन संस्थेत मॅक्स हे असंच डबे जोडायचं सॉफ्टवेअर बनवलं ते संगीतकारांसाठी, आणि प्युअर डेटाही त्यांचंच. खेळणं म्हणणाऱ्याने आधी एक रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, जोडून दाखवावा.

आता खरं तेही सांगतो. सी++ मध्ये एकेक सॅम्पल हातात असतो, तिथे ही अडचण मुळात आलीच नसती. प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा इफेक्ट, विकायचं असेल तर कधीतरी तिकडे बहुधा जावं लागेल. स्वतःपुरतं वापरायचं असेल तर प्लगडेटा, म्हणजे प्लगइनच्या रूपातला प्युअर डेटा, घ्या, तुमचा पॅच थेट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये चालतो. फीडबॅकचा गुणक १ च्या खालीच ठेवा आणि पहिल्यांदा लावताना हेडफोन कानातून काढा.

तो पॅच मी आतेभावाला पाठवलाय. त्याने एकदा उघडून बघावा, एवढंच माझं म्हणणं आहे.