वाचकांचे प्रश्न : चेनचं घड्याळ बारीक मनगटावर गरगर फिरतं, काय करू?

प्रश्न : नोकरी लागली म्हणून मामाने स्टीलच्या चेनचं घड्याळ घेऊन दिलं. माझं मनगट अगदी बारीक, साडेचौदा सेंटीमीटर. दुकानदाराने लगेच कड्या काढून दिल्या, घट्टपणा तसा ठीक वाटतो, पण लॉक मनगटाच्या खाली मधोमध न बसता अंगठ्याकडे येऊन टोचतं आणि डायल सारखी बाहेरच्या बाजूला घसरते. अजून एक कडी काढू का? आणि हे घरी जमेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थांबा, आणखी कडी काढू नका. लांबी तुमची बरोबर झालीये, कड्या काढल्यात त्या चुकीच्या बाजूने. चेनच्या दोन बाजू असतात, एक डायलवरच्या बाराकडून निघते आणि दुसरी सहाकडून, आणि घड्याळ डाव्या हातात घातलं की सहाकडची बाजू अंगठ्यावरून खाली जाते. म्हणजे लॉक अंगठ्याकडे ओढलं गेलंय याचा अर्थ सहाच्या बाजूला कड्या कमी पडल्यात, दुकानदाराने घाईत सगळ्या तिकडूनच काढल्या असणार (गर्दीच्या वेळी हे सर्रास होतं, एकाच बाजूने काम पटकन उरकतं ना). आता सहाकडे एक कडी परत घाला आणि बाराकडची एक काढा, एकूण लांबी तीच राहील पण लॉक खाली सरकेल. सहाची बाजू बाराच्या बाजूपेक्षा थोडी आखूड असणं नॉर्मलच आहे, पण बारीक मनगटावर फरक फार झाला की लगेच जाणवतं, कारण लॉक हा सरळ, न वाकणारा तुकडा असतो, बऱ्याच घड्याळांत चार सेंटीमीटरच्या आसपास, आणि तुमच्या मनगटाची खालची सपाट जागा जवळपास तेवढीच. जाड मनगटाला लॉक थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं, तुम्हाला नाही खपणार. काढलेल्या कड्या दुकानदाराने दिल्या असतीलच, नसतील तर आजच जाऊन मागा, त्या तुमच्याच आहेत. पुढे वजन वाढलं किंवा घड्याळ विकायचं झालं तर त्यांच्याशिवाय अडतं.

घरी करायचं असेल तर आधी चेन उलटी करून बघा. आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसतील, तेवढ्याच कड्या निघतात, घड्याळाजवळच्या बाकीच्या कड्या काढायच्या नसतात. बाण ज्या दिशेला आहे त्या दिशेने पिन बाहेर ढकलायची, आणि परत घालताना उलट, म्हणजे बाणाच्या टोकाकडून आत. पिनच्या एका टोकाला चीर असते, ते टोक सगळ्यात शेवटी आत गेलं पाहिजे, गुळगुळीत टोक आधी. हे उलटं झालं तर पिन नीट धरत नाही आणि एक दिवस बसमध्ये दांडा धरायला हात वर केला की घड्याळ खाली. पिन ढकलायला ऑनलाइन स्वस्तातलं पिन काढायचं टूल मिळतं ते घ्या, सुई आणि हातोडीचा प्रयोग करू नका, सुई मोडते आणि कडीवर ओरखडा पडतो तो कायमचा.

एक भानगड मात्र आधीच सांगून ठेवते. सीको, सिटिझनच्या बऱ्याच चेनमध्ये पिनबरोबर एक इवलीशी नळी असते, पिन त्या नळीत अडकून बसते. पिन काढली की ती नळी कधी पडली ते कळतसुद्धा नाही, आणि ती नसेल तर पिन कितीही ठोका, सैलच राहते. म्हणून हे काम ताटात पांढरा रुमाल पसरून त्यावरच करायचं, आणि पंखा बंद. स्क्रूवाली चेन असेल तर टोकाला स्क्रूची खाच दिसते, तिथे नेमक्या मापाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. नळीवाली निघाली तर मी म्हणेन सरळ चांगल्या घड्याळवाल्याकडे जा, फक्त तो काम करत असताना समोर उभे राहा आणि "दोन्ही बाजूंनी बघून काढा" एवढं सांगा.

कड्यांना हात लावायच्या आधी लॉकच्या कडेला बघा, ओळीने बारीक भोकं आहेत का. असतील तर आत स्प्रिंगची बारीक दांडी असते, ती टोकाशी दाबून शेजारच्या भोकात सरकवली की चेन दोनेक मिलिमीटरने कमीजास्त होते. पूर्ण कडी काढली तर आवळतं आणि ठेवली तर सैल होतं, या कुचंबणेला हाच उपाय. ती दांडी दाबताना दुसऱ्या हाताचा तळवा आडवा धरा, नाहीतर ती उडते आणि मग फरशीवर रांगत शोधायची. दोन्ही बाजूंना पंखासारखं उघडणारं लॉक असेल तर बहुतेक वेळा ही भोकं नसतात, मग अर्धी कडी मिळते का ते विचारा.

माप दुपारी घ्या, सकाळी उठल्या उठल्या नको. उन्हात मनगट थोडं सुजतं, आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये सकाळचं परफेक्ट माप दुपारी वळ उठवतं. करंगळीचं टोक चेनखाली जेमतेम शिरलं की झालं.

आणि हे सगळं करूनही डायल घसरतच राहिली तर दोष चेनचा नाही, घड्याळ मोठं आहे. डायलच्या वरखाली जी शिंगं असतात, जिथे चेन जोडलेली असते, त्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि मनगटाची वरची सपाट रुंदी मोजा. शिंगं मनगटाच्या बाहेर डोकावत असतील तर कड्या काढून काहीही होणार नाही, कारण तिथे चेन खाली वळायच्या आधीच मनगट संपतं. हे आरशात लांबून बघा, मोबाईलने जवळून फोटो काढला तर कुठलंही घड्याळ आहे त्यापेक्षा मोठंच दिसतं. तसं असेल तर मामांना वाईट वाटू न देता तेच घड्याळ चामड्याच्या पट्ट्यावर लावून बघा, पट्टा शिंगांपासून लगेच खाली वळतो आणि वजनही कमी होतं, त्यामुळे घसरणं थोडं तरी कमी होईल.

प्रश्न : आजोबांचं एचएमटी जनता आहे, त्याला ताणली जाणारी स्प्रिंगची चेन. मुलीला ते कॉलेजला घालायचंय पण तिच्या हातात बांगडीसारखं लोंबतं. चेन कापता येते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कापायची नाही हो, त्याही चेनच्या कड्या सुट्या होतात. आतून बघितलंत तर बारीक वाकवलेले पत्रे दिसतील, ते उचलून कड्या आडव्या सरकवून काढतात आणि पुन्हा जोडतात. पण जुन्या चेनचे पत्रे एकदा वाकवले की दुसऱ्यांदा मोडतात, त्यामुळे हे घरी करू नका, स्टँडजवळ जो म्हातारा घड्याळवाला अजून डोळ्याला भिंग लावून बसतो ना, त्याच्याकडे जा, त्याने आयुष्यभर हेच केलेलं असतं. बाकी घड्याळ मुलीला शोभेल, आजच्या पुरुषांच्या घड्याळांपेक्षा ते पुष्कळ लहान आहे. चेन केस ओढते असं ती म्हणाली तर अठरा मिलिमीटरचा साधा पट्टा लावा आणि जुनी चेन डबीत जपून ठेवा, एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 2016 मध्ये बंद करायचं ठरल्यापासून या घड्याळांच्या जुन्या वस्तू शोधणारे बरेच झालेत.

प्रश्न : कॅसिओचं स्टील चेनचं डिजिटल घेतलंय. यात बाणही नाहीत आणि पिनही दिसत नाहीत. मग लहान कसं करायचं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचं काम सगळ्यात सोपं. लॉकच्या मागे एक छोटी पट्टी असते, ती चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचला, लॉक चेनवर हवं तिथे सरकवा, चेनच्या आतल्या खाचेत नीट बसवा आणि पट्टी दाबून बंद करा, टक असा आवाज यायला हवा. फक्त स्क्रूड्रायव्हरचं तोंड बोटाकडे धरू नका, तो सटकतो.